क्रोमॅटिक हार्मोनिकेचा माउथपीस

क्रोमॅटिक हार्मोनिका या तोंडाने वाजविण्याच्या मुक्त पत्त्यांच्या वाद्यात वादकाचे ओठ जिच्यावर टेकतात, त्या छिद्रयुक्त पुढच्या पट्टीस माउथपीस म्हणतात. भारतात हार्मोनिका सामान्यतः माउथ ऑर्गन या नावाने ओळखली जाते. साध्या हार्मोनिकेत मुख्यत्वे एका ठराविक स्वरसमूहाचेच स्वर मिळतात. क्रोमॅटिक हार्मोनिकेत मात्र बाजूची कळ दाबून सप्तकातील बाराही स्वर वाजविता येतात. ही कळ ज्या सरकपट्टीस जोडलेली असते, ती माउथपीसच्या लगेच मागे बसविलेली असते. त्यामुळे या वाद्यात माउथपीस हा केवळ ओठ टेकविण्याचा भाग राहत नाही. स्वर बदलणाऱ्या यंत्रणेचेच ते बाहेरचे अंग ठरते. खेळणे म्हणून विकले जाणारे हे वाद्य मैफलीच्या व्यासपीठापर्यंत कसे पोहोचले, याचा एक लहानसा पण उद्बोधक भाग माउथपीसच्या घडणीच्या इतिहासातून दिसून येतो.

बासरी, सनई, क्लॅरिनेट, ट्रंपेट इ. वायुवाद्यांत ओठ एका जागी स्थिर असतात आणि स्वर बदलण्याचे काम मुख्यतः बोटे करतात. हार्मोनिकेत याच्या उलट घडते. प्रत्येक छिद्राला स्वतःचे स्वर असल्याने एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी ओठांना पट्टीवरून आडवे सरकावे लागते. हार्मोनियम हे त्याच कुळातील वाद्य. परंतु त्यात पट्ट्यांवरून बोटे फिरतात, तर येथे तेच काम ओठ आणि जीभ करतात. साहजिकच माउथपीसकडून दोन परस्परविरुद्ध अपेक्षा केल्या जातात. छिद्र नेमके कोठे आहे, हे डोळ्यांना दिसत नसता ओठांना कळले पाहिजे, म्हणून त्याच्या कडा जाणवल्या पाहिजेत. आणि ओठ तासन्‌तास न सोलवटता फिरले पाहिजेत, म्हणून त्या कडा बोचता कामा नयेत. आतल्या बाजूसही असाच पेच आहे. हवा गळू नये म्हणून माउथपीस सरकपट्टीला घट्ट भिडला पाहिजे आणि सरकपट्टी मोकळेपणाने सरकावी म्हणून तो घट्ट असता कामा नये. माउथपीसच्या रचनेत आजवर झालेले बहुतेक सर्व बदल म्हणजे या दोन पेचांतून मार्ग काढण्याचे प्रयत्न होत.

रचना : क्रोमॅटिक हार्मोनिकेच्या मध्यभागी कंगव्यासारखे दाते असलेला लाकडाचा, प्लास्टिकचा वा धातूचा ठोकळा असतो, त्यास फणी म्हणतात. फणीच्या वर व खाली पितळी पत्रे बसवितात आणि त्यांवर स्वर देणाऱ्या पत्त्या रिव्हेटने जोडलेल्या असतात. दोन्ही पत्र्यांवर बाहेरून आवरणे असतात. फणीच्या पुढच्या बाजूस प्रथम एक आधारपट्टी वा चौकट, तीत सरकपट्टी आणि सर्वांवर माउथपीस अशी मांडणी असून हे भाग दोन्ही टोकांच्या स्क्रूंनी जखडलेले असतात. प्रत्येक छिद्रामागे वर एक व खाली एक असे दोन कप्पे असतात व प्रत्येक कप्प्यात फुंकण्याची एक आणि ओढण्याची एक अशा दोन पत्त्या असतात. अशा रीतीने एका छिद्राला चार पत्त्या मिळतात. दहा छिद्रांच्या वाद्यात ४०, बारा छिद्रांच्या वाद्यात ४८ व सोळा छिद्रांच्या वाद्यात ६४ पत्त्या असतात. बारा छिद्रांच्या प्रकारात सुमारे तीन आणि सोळा छिद्रांच्या प्रकारात सुमारे चार सप्तके मिळतात.

स्वरांची मांडणी चार-चार छिद्रांच्या गटांत केलेली असते. सी हा स्वर षड्ज मानल्यास गटातील चार छिद्रांत फुंकून अनुक्रमे सा, ग, प, सां आणि श्वास ओढून रे, म, ध, नी हे शुद्ध स्वर मिळतात. कळ दाबताच वरचे कप्पे बंद होऊन खालचे उघडतात, किंवा काही रचनांत याच्या उलट होते, आणि प्रत्येक स्वर अर्ध्या स्वराने चढतो. मग फुंकून कोमल रे, म, कोमल ध, कोमल रे आणि ओढून कोमल ग, तीव्र म, कोमल नी, सां असे स्वर येतात. शुद्ध म व तार सा असे काही स्वर या योजनेत दोन ठिकाणी मिळतात, याचा उपयोग कुशल वादक श्वासाची दिशा न बदलता स्वर जोडण्यासाठी करतात. श्वास वाया जाऊ नये म्हणून बहुतेक पत्त्यांच्या खाचांवर पातळ झडपा चिकटविलेल्या असतात. फुंकताना ओढण्याच्या पत्तीच्या खाचेतून आणि ओढताना फुंकण्याच्या पत्तीच्या खाचेतून हवा निसटू न देणे हे त्यांचे काम होय. जुन्या वाद्यांत या झडपा चामड्याच्या असत. पुढे प्लास्टिकच्या झडपा रूढ झाल्या.

पूर्वेतिहास : मुक्त पत्तीचे तत्त्व पूर्व आशियात फार प्राचीन काळापासून ज्ञात आहे, चीनमधील शंग हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. यूरोपात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या तत्त्वाविषयी कुतूहल वाढले. कोपनहेगन येथील क्रिस्टिआन गोटलीब क्राट्सेनश्टाइन (१७२३–९५) याने स्वरवर्णांचे उच्चार यंत्राद्वारे निर्माण करण्याच्या प्रयोगांत मुक्त पत्तीचा वापर केला होता आणि त्याबद्दल त्यास १७८० मध्ये सेंट पीटर्झबर्गच्या अकादमीचे पारितोषिक मिळाले. तोंडाने वाजविण्याच्या हार्मोनिकेचे श्रेय परंपरेने जर्मनीतील क्रिस्टिआन फ्रीड्रिख लूटव्हिख बुशमान (१८०५–६४) याला देण्यात येते. तथापि १८२०–३० च्या दशकात जर्मन भाषिक प्रदेशातील अनेक कारागीर अशी वाद्ये बनवीत होते व व्हिएन्ना हेही त्यांचे एक महत्त्वाचे केंद्र होते. जर्मनीतील ट्रोसिंगेन या गावी माथिआस होनर (१८३३–१९०२) या घड्याळे बनविणाऱ्या कारागिराने १८५७ मध्ये हार्मोनिकांचे उत्पादन सुरू केले. पहिल्या वर्षी तेथे ६५० वाद्ये तयार झाली. पुढे यंत्रांच्या साहाय्याने ही संख्या प्रचंड वाढली आणि विशेषतः अमेरिकेत त्यांना मोठी बाजारपेठ लाभली. सॅक्सनीतील क्लिंगेनटाल येथील झायडेल ही त्याहूनही जुनी (१८४७) उत्पादक संस्था होय.

एकोणिसाव्या शतकातील साध्या हार्मोनिकेला स्वतंत्र माउथपीस नव्हता. वरच्या व खालच्या आवरणांच्या मधून डोकावणारी लाकडी फणी हाच ओठ टेकविण्याचा भाग असे. श्वासातील ओलावा शोषून लाकूड फुगले, की फणीचे दाते पुढे येत आणि ओठ घासले जात. वाळल्यावर ते आकसत आणि फटींतून हवा गळू लागे. स्वस्त वाद्य बिघडले तर नवे घ्यावे, अशीच प्रथा असल्याने या त्रासाकडे उत्पादकांनी फारसे लक्ष दिले नाही. सर्व अर्धस्वर हवे असल्यास अर्ध्या स्वराचे अंतर असलेल्या दोन हार्मोनिका एकावर एक धरून आलटून पालटून वाजविण्याची युक्ती वादक योजीत. पूर्व आशियात ती आजही आढळते.

सरकपट्टी व माउथपीसचा उदय : विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात होनर कारखान्याने सरकपट्टीची दहा छिद्रांची क्रोमॅटिक हार्मोनिका बाजारात आणली. दोन महायुद्धांच्या दरम्यान बारा छिद्रांचा ‘सुपर क्रोमोनिका’ हा प्रकार रूढ झाला आणि पुढे अनेक दशके तोच या वाद्याचा नमुना मानला गेला. या वाद्यात धातूचा माउथपीस आला, तो मुळात ओठांच्या सोयीसाठी नव्हे. पातळ सरकपट्टी फणीच्या पुढे दोन पृष्ठभागांच्या मध्ये धरून ठेवल्याशिवाय ती हवाबंद राहू शकत नाही. तिचे पुढचे झाकण म्हणून ही छिद्रांची पट्टी आवश्यक ठरली. लाकडी दात्यांपासून ओठांची सुटका झाली, हा त्याचा आनुषंगिक लाभ होता. यांत्रिक गरजेतून जन्मलेला हा भाग मानवी ओठांना मानवेल असा करणे, हे पुढील काळाचे कार्य ठरले.

सरकपट्टीवरील छिद्रांच्या मांडणीचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात कळ न दाबता सर्व छिद्रांचे वरचेच कप्पे उघडे असतात आणि कळ दाबल्यावर सर्व खालचे उघडतात. यास सरळ मांडणी म्हणता येईल. यात सरकपट्टीवर प्रत्येक स्वरछिद्रासाठी वरचे एक व खालचे एक असे दोन झरोके शेजारी शेजारी बसवावे लागतात. म्हणून दोन स्वरछिद्रांमधील अंतराच्या निम्म्याहून प्रत्येक झरोका रुंद करता येत नाही. मात्र पट्टीला थोडेच सरकावे लागत असल्याने कळ हलकी व चपळ राहते. दुसऱ्या, म्हणजे तिरप्या मांडणीत शेजारच्या छिद्रांचे वरचे व खालचे कप्पे आळीपाळीने उघडे राहतात. यात झरोका बराच रुंद ठेवता येतो व हवेचा मार्ग मोकळा होतो. परंतु पट्टीला जवळजवळ एका पूर्ण छिद्राइतके अंतर सरकावे लागते. पहिल्या प्रकारात बोटाला सुख आणि श्वासाला अडथळा, तर दुसऱ्यात श्वासाला सुख आणि बोटाला श्रम, असा हा व्यवहार आहे. कळ दाबण्याचा जोर वाद्याला आडवा ढकलतो व माउथपीस ओठांवरून किंचित सरकतो. म्हणून स्प्रिंग किती कडक असावी, हा प्रश्नही अखेर ओठांच्या सोयीशी येऊन भिडतो.

हवाबंदपणाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. पत्ती कंप पावू लागण्यासाठी तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबांत पुरेसा फरक पडावा लागतो. माउथपीस व सरकपट्टी यांमधील फटीतून हवा निसटली, तर हा फरक कमी पडतो. खालच्या सप्तकातील लांब पत्त्या उशिरा बोलतात आणि वादक नकळत अधिक जोराने फुंकू लागतो. जोराच्या श्वासाने मुक्त पत्तीचा स्वर किंचित उतरतो, म्हणजे थकव्याबरोबर बेसूरपणाही येतो. गळती थांबविण्यासाठी स्क्रू आवळावेत, तर सरकपट्टी अडखळते. स्क्रू केवळ दोन टोकांना असल्याने पातळ पत्र्याचा माउथपीस मध्यभागी किंचित वाकतो आणि नेमक्या सर्वाधिक वापराच्या मधल्या छिद्रांपाशी फट राहते. जाड, न वाकणारा आणि पाठीमागून काटेकोर सपाट घासलेला माउथपीस हा या दोषावरील खरा उपाय होय. मात्र तो महाग पडत असल्याने स्वस्त वाद्यांत दीर्घकाळ टाळण्यात आला.

वादकांचा प्रभाव : अमेरिकेत हार्मोनिकेस दीर्घकाळ खेळणे मानले जाई. तेथील वादकांच्या संघटनेने १९४२–४४ मध्ये पुकारलेल्या ध्वनिमुद्रण-बंदीतून हार्मोनिका वादक वगळले गेले, कारण त्यांच्या हातातील वस्तूस संघटना वाद्यच समजत नव्हती. जेरी मुराड याच्या ‘हार्मोनिकॅट्‌स’ या त्रयीच्या ध्वनिमुद्रिकेस १९४७ मध्ये अमाप लोकप्रियता लाभल्यानंतर ही भूमिका टिकणे कठीण झाले. खेळण्याकडून कोणी सोयीची अपेक्षा करीत नाही. वाद्याकडून ती केली जाते. म्हणूनच माउथपीसच्या सुधारणेमागे गंभीर वादकांच्या मागण्यांचा मोठा वाटा आहे.

अमेरिकन वादक लॅरी ॲड्लर (१९१४–२००१) याने क्रोमॅटिक हार्मोनिका वाद्यवृंदाबरोबर वाजवून तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. दार्यूस मीयो याने १९४२ मध्ये, राल्फ व्हॉन विल्यम्स याने १९५१ मध्ये व माल्कम आर्नल्ड याने १९५४ मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र रचना केल्या. ब्राझीलचा श्रेष्ठ संगीतरचनाकार एतॉर व्हीला-लोबुस याने जॉन सेबॅस्टियन या वादकासाठी कंचेर्टो लिहिला. अशा रचनांत दीर्घ संथ स्वर, झपाट्याचे चढउतार आणि दूरच्या स्वरांवरील उड्या असतात. एका स्वराला शेजारच्या छिद्राचा स्पर्शही न होऊ देता ती उडी घेणे, हे माउथपीसच्या कडा स्पष्ट जाणवल्याशिवाय जमत नाही. कॅनडात जन्मलेला व इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला टॉमी रायली (१९१९–२०००) हा मूळचा व्हायोलिनवादक. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत स्थानबद्ध असताना त्याने व्हायोलिनच्या धर्तीवर अखंड स्वरवाक्ये हार्मोनिकेवर काढण्याचा अभ्यास केला. त्याच्या सहकार्याने होनरने चांदीची ‘सिल्व्हर कंचेर्टो’ ही हार्मोनिका तयार केली. बेल्जियमचा टूट्स टीलेमान्स (१९२२–२०१६) याने जॅझ संगीतात या वाद्याला मानाचे स्थान मिळवून दिले व त्याच्या नावानेही होनरने हार्मोनिका काढल्या.

छिद्रांचा आकार : सुपर क्रोमोनिकेच्या रूढ प्रकारात माउथपीसची छिद्रे चौकोनी असत. चौकोनी छिद्रांमधील भिंत अरुंद असते व हवेला अधिक जागा मिळते. जिभेने मधली छिद्रे झाकून दोन्ही बाजूंच्या छिद्रांतून एकाच वेळी दोन सप्तकांतील स्वर काढण्याच्या पद्धतीस ती सोयीची वाटतात. अशा वेळी वादकाला पाच छिद्रे एकदम ओठांत घ्यावी लागतात. साध्या हार्मोनिकेपेक्षा क्रोमॅटिक हार्मोनिकेची छिद्रे एकमेकांपासून अधिक दूर असल्याने हा ताण बराच असतो. मात्र चौकोनी छिद्राचे कोपरे व धारदार कडा दीर्घ वादनात ओठांना बोचतात आणि ओठ जरासे हलले तरी शेजारचा स्वर मिसळतो.

यावर उपाय म्हणून गोल छिद्रांचे माउथपीस प्रचारात आले. त्यांत प्रत्येक छिद्राभोवतीची कड किंचित उंचावलेली व गोलसर केलेली असते. सोळा छिद्रांच्या मोठ्या वाद्यांत, उदा., होनरच्या ‘सुपर ६४’ मध्ये, ही रचना आढळते. ओठांचा चंबू करून एकेक स्वर काढणाऱ्या वादकाला गोल छिद्र आपोआप मार्ग दाखविते आणि दोन छिद्रांमधील रुंद जागेमुळे चुकीला थोडी मुभा मिळते. गोल छिद्राने हवेचा मार्ग आकुंचित होतो, असा आक्षेप घेण्यात येतो. तो भूमितीच्या दृष्टीने खरा आहे. चौरसात बसविलेल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ त्या चौरसाच्या सुमारे ७८.५ टक्केच असते. परंतु सरळ मांडणीच्या वाद्यात खरी अडचण माउथपीसची नसून त्यामागील सरकपट्टीच्या अरुंद झरोक्याची असते. म्हणून छिद्र गोल असूनही ते आतील झरोक्याकडे नरसाळ्यासारखे उतरत नेले, तर श्वासाला फारसा फरक जाणवत नाही. कोणता आकार श्रेष्ठ, याचे एकच उत्तर नाही. ते वादकाची ओठांची ठेवण, जिभेचा वापर आणि वादनाची शैली यांवर अवलंबून आहे.

माउथपीसची उंची व बाहेरील वळण यांनाही महत्त्व आहे. चांगल्या स्वरासाठी वाद्य केवळ ओठांच्या कडेशी न धरता आतल्या ओल्या भागापर्यंत घ्यावे लागते. माउथपीस फार जाड असेल, तर जबडा ताणला जातो. फार बसका असेल, तर ओठ आवरणांच्या कडांवर आदळतात. माउथपीसपासून आवरणापर्यंतचा उतार अखंड असल्यास ओठांना विसावा मिळतो. होनरच्या ‘सीएक्स १२’ या प्रकारात आवरण व माउथपीस एकाच प्लास्टिकच्या साच्यात घडवून हा सांधाच नाहीसा करण्यात आला; शिवाय हे वाद्य कोणत्याही हत्याराशिवाय उघडून स्वच्छ करता येते.

पदार्थ व मुलामा : माउथपीस बहुधा पितळेचा असून त्यावर निकेल, क्रोमियम, चांदी वा सोने यांचा मुलामा देतात. निकेल टिकाऊ व स्वस्त आहे. परंतु काही व्यक्तींना त्याची अधिहृषता म्हणजे ॲलर्जी असते व ओठांवर पुरळ उठते. मुलामा झिजून पितळ उघडे पडले, की धातूची चव लागू लागते. चांदीवर ओठ सहज सरकतात, मात्र ती काळवंडते. सोने काळवंडत नाही, परंतु महाग पडते. धातू थंड असल्यास उच्छ्‌वासातील बाष्प त्यावर व आतील झडपांवर साकळते आणि झडपा चिकटू लागतात. म्हणून वादनापूर्वी वाद्य हातांत वा अंगाशी धरून कोमट करण्याचा प्रघात आहे. प्लास्टिक उष्णतेचे मंद वाहक असल्याने ते ओठांना थंड लागत नाही. मात्र ते धातूपेक्षा लवकर ओरखडते.

फणीच्या पदार्थातील बदलांचा परिणाम माउथपीसवरही झाला. पेअरच्या लाकडाची फणी ओलाव्याने फुगली वा तडकली, की तिच्यावर बसविलेल्या माउथपीसची पातळी बिघडे. खिळ्यांनी ठोकलेले पत्रे काढून दुरुस्ती करणेही अवघड असे. प्लास्टिकच्या फण्या आणि खिळ्यांऐवजी स्क्रू यांमुळे ही अडचण कमी झाली. शांघायमध्ये वाढलेला व अमेरिकेत स्थायिक झालेला वादक चॅम-बर ह्वांग याने १९७०–८० च्या दशकात होनरसाठी आखलेली सोळा छिद्रांची प्लास्टिकच्या देहाची हार्मोनिका हा या दिशेने टाकलेला लक्षणीय टप्पा होता. वाद्याची रचना कारखान्याच्या सवयीने नव्हे, तर वादकाने करावी, हे त्यातून अधोरेखित झाले. जपानमधील टोंबो (१९१७) व हामामात्सु येथील सुझुकी (१९५३), तसेच ब्राझीलमधील हेरिंग (१९२३) या उत्पादकांनीही आपापले प्रकार बाजारात आणल्याने स्पर्धा वाढली आणि माउथपीसची गुळगुळीत घडण हा जाहिरातीत सांगण्याजोगा गुण ठरला.

भारतातील स्थिती : भारतात हार्मोनिका घरोघरी पोहोचली ती मुख्यतः मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतामुळे. ‘सोलवा साल’ (१९५८) व ‘दोस्ती’ (१९६४) या चित्रपटांतील हार्मोनिकावादन राहुल देव बर्मन (१९३९–९४) यांचे होते. ‘शोले’ (१९७५) या चित्रपटातील सुप्रसिद्ध धून भानू गुप्ता यांनी वाजविली होती. भारतीय संगीताच्या दृष्टीने या वाद्याची मर्यादा स्पष्ट आहे. सा वरून रे वर किंवा प वरून ध वर जाताना श्वासाची दिशा उलटवावी लागते, त्यामुळे अखंड मींड साधत नाही. मात्र कण, मुरकी यांसारखे लहान अलंकार सरकपट्टीच्या साहाय्याने काढता येतात आणि झडपांमुळे एकेक पत्ती श्वासाने थोडी वाकवून स्वर किंचित खाली ओढता येतो. मुंबई, कोकण, गोवा यांसारख्या दमट हवेच्या प्रदेशांत लाकडी फणीपेक्षा प्लास्टिकची फणी अधिक सोयीची पडते.

निगा : माउथपीसमागील सरकपट्टी अडकण्याचे सर्वसामान्य कारण म्हणजे तिच्यावर वाळलेली लाळ व अन्नाचे सूक्ष्म कण. म्हणून वादनापूर्वी तोंड धुणे, गोड पेय घेतल्यानंतर लगेच न वाजविणे, वादनानंतर छिद्रे खाली करून वाद्य तळहातावर हलकेच आपटणे आणि अधूनमधून माउथपीस व सरकपट्टी काढून स्वच्छ पाण्याने धुणे इष्ट असते. पुन्हा जोडताना दोन्ही टोकांचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत आणि सरकपट्टी अडखळू लागण्याच्या किंचित आधी थांबावे. वाद्य दुसऱ्याच्या ओठांना लागणारे असल्याने ते सामाईक वापरू नये.

एकविसाव्या शतकात संगणक-नियंत्रित यंत्रांमुळे अखंड धातूतून काटेकोर माउथपीस कोरणे शक्य झाले आणि काही स्वतंत्र कारागीर वादकाच्या पसंतीनुसार छिद्रांचा आकार, कडांची गोलाई व मुलामा ठरवून देतात. क्लॅरिनेट वा ट्रंपेटच्या वादकाला आपल्या ओठांना मानवणारा माउथपीस निवडून तो कोणत्याही वाद्याला लावता येतो. हार्मोनिका वादकाला ही मोकळीक अद्याप पूर्णपणे मिळालेली नाही. कारण तिचा माउथपीस सरकपट्टीशी बांधलेला असून प्रत्येक उत्पादकाची छिद्रांतील अंतरे व जोडणी निराळी आहे. ट्रोसिंगेन येथील हार्मोनिका-संग्रहालयात या वाद्याची दीर्घ वाटचाल पाहावयास मिळते. उत्पादनाच्या सोयीसाठी घडविलेली एक पट्टी, वादकांच्या अनुभवातून सुधारत सुधारत ओठांच्या मापाची होत गेली, हेच त्या वाटचालीचे सार होय.